ठोका चुकू नये म्हणून...

सेकंड इयरला ५५५ टायमर घेऊन एलईडी लुकलुकवण्याचं प्रॅक्टिकल आपण सगळ्यांनीच केलेलं आहे. सर्किट चाललं तर ठीक, नाही चाललं तर शेजारच्या टेबलावरची रीडिंग उतरवायची, सरांची सही घ्यायची आणि कॅन्टीन गाठायचं! मीही तेच केलं. नेमकं त्याच आठवड्यात माझ्या मावशीला पेसमेकर बसवायचं ठरलं. मावशीचं वय ४३. ती सहा वर्षांची असताना तिच्या हृदयातलं जन्मजात छिद्र ऑपरेशन करून बुजवलं होतं. त्यानंतर शाळा, कॉलेज, नोकरी, संसार सगळं व्यवस्थित पार पडलं. आणि आता अचानक जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. नाडी मोजली तर मिनिटाला ३८!

छिद्र तर कधीच बुजवलं, मग आता हे काय नवीन? आईने डॉक्टरांना हेच विचारलं. डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं. छिद्राच्या अगदी कडेने हृदयाची वायरिंग जाते. टाके तिच्या शेजारीच पडतात. तिथे व्रण तयार होतो आणि कधी कधी तीस-पस्तीस वर्षांनी ती तार दगा देते. घरी आल्यावर मी या विषयाचा शोध घेत बसलो आणि एका माणसापाशी येऊन थांबलो. हृदय उघडून असली छिद्रं बुजवता येतात हे या माणसाने दाखवून दिलं. ती तारही पहिल्यांदा त्याच्याच हातून दुखावली, आणि त्यावरचा उपायही त्यानेच एका इंजिनिअरकडून करवून घेतला. डॉ. वॉल्टन लिलेहाय हे त्यांचं नाव. वैद्यकीय जगात फार मोठं, पण आपल्या कॉलेजात बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. म्हणून हा लेखनप्रपंच!

क्लॅरेन्स वॉल्टन लिलेहाय यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९१८ रोजी अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात झाला. वडील दातांचे डॉक्टर. वैद्यकीय शिक्षण तिथल्याच मिनेसोटा विद्यापीठात झालं. डिग्रीच्या सुमारासच अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि लिलेहाय लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. उत्तर आफ्रिका आणि इटलीच्या आघाड्यांवर त्यांनी काम केलं. त्याबद्दल त्यांना ब्राँझ स्टार हे पदक मिळालं. युद्धानंतर ते मिनेसोटाला परतले आणि सर्जरीचे विभागप्रमुख ओवेन वँगनस्टीन यांच्या हाताखाली शिकू लागले. वँगनस्टीन यांचा एक दंडक होता. सर्जन व्हायचं असेल तर नुसतं ऑपरेशन थिएटर नाही, प्रयोगशाळेतही वर्षं घालवायची. पुढे जे काही घडलं त्याचं मूळ या दंडकात आहे.

शिक्षण संपत आलं असतानाच १९५० साली लिलेहाय यांच्या कानाजवळ एक गाठ आली. तपासणीत निघाला लसीका ग्रंथींचा कॅन्सर! वय अवघं ३१. घरी बायको. खुद्द वँगनस्टीन यांनी त्यांचं ऑपरेशन केलं. ते दहा तासांहून जास्त वेळ चाललं. मानेपासून छातीपर्यंतचा भाग उघडून सगळ्या संशयित गाठी काढल्या, वर रेडिएशन दिलं. लिलेहाय वाचले, पण त्यांची मान कायमची एका बाजूला कललेली राहिली. पाच वर्षं जगण्याची शक्यता चारात एक, असा हिशोब होता. अशा वेळी कोणीही थोडं जपून राहिलं असतं. लिलेहाय मात्र काही महिन्यांत प्रयोगशाळेत हजर झाले आणि त्या काळातला सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनी हातात घेतला.

हा प्रश्न नीट समजून घेऊ. हृदयाच्या आत दुरुस्ती करायची तर ते रिकामं करायला हवं. रिकामं केलं की मेंदूला रक्त नाही. आणि मेंदू रक्ताशिवाय चार-पाच मिनिटांच्या वर तग धरत नाही. म्हणजे चालू इंजिनचा पिस्टन बदलायचा, पण गाडी थांबवायची नाही! २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटालाच जॉन लुईस यांनी एका पाच वर्षांच्या मुलीचं शरीर थंड करून, शरीराची ऑक्सिजनची भूक कमी करून, हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधलं छिद्र शिवलं. लिलेहाय त्यांचे मदतनीस होते. पण या पद्धतीत हाताशी पाच-सहा मिनिटंच मिळत. खालच्या कप्प्यांमधलं छिद्र शिवायला ती पुरत नव्हती. ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनवर एक यशस्वी ऑपरेशन केलं, पण पुढचे रुग्ण दगावले आणि त्यांनी तो नाद सोडला. अनेक जाणकारांचं मत होऊ लागलं की आजारी हृदय हा ताणच सोसू शकत नाही.

लिलेहाय आणि त्यांचे सहकारी मॉर्ली कोहेन, हर्बर्ट वॉर्डन आणि रिचर्ड वार्को यांनी दुसऱ्या टोकाने विचार केला. प्रयोगशाळेत कळलं होतं की नेहमीच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतक्या रक्तप्रवाहावरही कुत्री काही वेळ सुखरूप राहतात. म्हणजे प्रचंड मोठ्या मशीनची गरजच नाही. मग मशीन हवंच कशाला? गर्भातलं बाळ आईच्या फुप्फुसांवर जगतं, तसंच ऑपरेशनच्या वेळी मूल आईच्या किंवा वडिलांच्या रक्तावर का जगू नये? दोघांना शेजारी शेजारी झोपवायचं, नळ्यांनी जोडायचं, मध्ये एक साधा पंप ठेवायचा. मुलाचं अशुद्ध रक्त वडिलांकडे, वडिलांचं शुद्ध रक्त मुलाकडे. याला क्रॉस सर्क्युलेशन म्हणतात. ऐकायला सोपं, करायला भयंकर! एका ऑपरेशनमध्ये दोन माणसं मरू शकतात, असं हे बहुधा पहिलंच ऑपरेशन. त्यावरून हॉस्पिटलमध्ये कडाडून विरोधही झाला. वँगनस्टीन मात्र पाठीशी उभे राहिले.

२६ मार्च १९५४ ला एका वर्षाच्या बाळाचं पहिलं ऑपरेशन झालं. शेजारच्या टेबलावर त्याचे वडील होते. छिद्र शिवलं गेलं, बाळ टेबलावरून जिवंत उतरलं, पण अकराव्या दिवशी न्यूमोनियाने गेलं. शवविच्छेदनात टाके जसेच्या तसे घट्ट होते. एप्रिलमधल्या पुढच्या दोन्ही ऑपरेशनांत मुलं वाचली. ३१ ऑगस्ट १९५४ ला फॅलोज टेट्रालॉजी नावाच्या, ज्यात मूल निळं पडतं अशा चौपदरी विकाराची जगातली पहिली संपूर्ण दुरुस्तीही इथेच झाली. १९५५ च्या जुलैपर्यंत ४५ ऑपरेशनं झाली. त्यातले २८ रुग्ण बरे होऊन घरी गेले, १७ गेले नाहीत. रक्त देणारं कोणी दगावलं नाही, पण एका आईच्या शिरेत हवा जाऊन तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. हे आकडे वाचताना काटा येतो. पण त्याआधी यातल्या बहुतेक मुलांपुढे दुसरा काही मार्गच नव्हता, हेही विसरून चालणार नाही.

मग लिलेहाय यांच्या हाताखालच्या रिचर्ड डीवॉल या तरुण डॉक्टरने साध्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून एक ऑक्सिजनेटर बनवला. रक्तात खालून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे, वर आल्यावर अन्न उद्योगात वापरतात तसल्या फेसनाशकाने फेस मारायचा, आणि मग स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या नळीतून रक्त खाली उतरू द्यायचं. बुडबुडे हलके, ते वर राहतात. बुडबुडेविरहित रक्त जड, ते खाली जातं. फिरणारा एकही भाग नाही! फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात हे उदाहरण म्हणून यायला हरकत नाही. मे १९५५ मध्ये हे यंत्र पहिल्यांदा वापरलं आणि आई-बापांना टेबलावर झोपवण्याची गरज संपली.

आता मुलं वाचू लागली. पण एक वेगळंच संकट दिसू लागलं. छिद्र उत्तम बुजलेलं, रक्तस्राव नाही, जंतुसंसर्ग नाही, आणि तरी काही मुलांचं हृदय मिनिटाला तीस-चाळीसच्या गतीने रखडायचं आणि थांबायचं. कारण होतं हार्ट ब्लॉक. आपल्या हृदयाला स्वतःचा क्लॉक जनरेटर असतो, उजव्या वरच्या कप्प्यात. तिथला सिग्नल मधल्या एका गाठीत थोडा थांबतो आणि मग हिस बंडल नावाच्या बारीक पट्ट्यातून खालच्या कप्प्यांकडे जातो. खालच्या छिद्रांपैकी सर्वांत जास्त आढळणारं छिद्र नेमकं या पट्ट्याच्या शेजारी असतं. पट्टा डोळ्यांना दिसत नाही. भिंतीत खिळा ठोकताना आतल्या कन्सील्ड वायरिंगवर घाव बसावा, तसा टाका तिथे बसायचा. तार तुटली की वरचा सिग्नल खाली पोचतच नाही, आणि खालचे कप्पे आपल्या मर्जीने, अतिशय सावकाश चालतात. त्या सुरुवातीच्या काळात साधारण दहातल्या एका मुलाच्या बाबतीत असं व्हायचं.

इथे लिलेहाय यांचा मोठेपणा मला सगळ्यात जास्त जाणवला. ऑपरेशन यशस्वी, दुर्दैवाने रुग्ण गेला, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. मूळचा आजारच इतका गंभीर होता की कोणी बोटही दाखवलं नसतं. त्यांनी तसं केलं नाही. हा ब्लॉक आजाराचा नाही, आपल्या टाक्याचा आहे, हे त्यांनी मान्य केलं आणि दगावलेल्या प्रत्येक मुलाची केस सगळ्या विभागासमोर चर्चेला ठेवली.

तोपर्यंत काय उपाय होते? औषधं होती, पण भरवशाची नव्हती. बोस्टनच्या पॉल झोल यांनी १९५२ मध्ये छातीवर बाहेरून विजेचे झटके देऊन हृदय चालवून दाखवलं होतं. पण त्याला शंभराच्या आसपास व्होल्ट लागत. मोठ्यांनाही ते सोसवत नसे, कातडी भाजे. ऑपरेशन झालेल्या लहान मुलाला दिवसच्या दिवस असे झटके कोण देणार? अशाच एका चर्चेत फिजिऑलॉजीचे प्राध्यापक जॉन जॉन्सन यांनी सहज सुचवलं की विद्यार्थ्यांना बेडकाचे स्नायू हलवून दाखवायला आम्ही एक स्टिम्युलेटर वापरतो, त्याची तार सरळ हृदयाच्या स्नायूत का घालत नाही? विन्सेंट गॉट आणि विल्यम वाइरिक या तरुण डॉक्टरांनी कुत्र्यांवर ते करून पाहिलं. झोल यांना जिथे शंभर व्होल्ट लागत होते, तिथे इथे काही व्होल्टच पुरले! ३० जानेवारी १९५७ ला तीन वर्षांच्या एका मुलीच्या हृदयात अशी तार बसवली गेली आणि ती वाचली. शिवाय असं दिसलं की बऱ्याच मुलांमध्ये सूज उतरली की काही दिवसांत मूळची तार पुन्हा चालू होते. मग बाहेरून हळूच वायर ओढून काढायची, काम झालं.

पण ते स्टिम्युलेटर भिंतीतल्या सॉकेटवर चालायचं. वायर जाईल तेवढंच मुलाचं जग! एक्स-रेला न्यायचं तर एक्स्टेंशनवर एक्स्टेंशन जोडत कॉरिडॉरभर वायर पसरायची. आणि ३१ ऑक्टोबर १९५७ ला मिनिआपोलिसमध्ये लाइट गेली, ती काही तास आलीच नाही. ऑपरेशन थिएटरला बॅकअप होता, वॉर्डातल्या खोल्यांना नव्हता. लोडशेडिंगच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला त्या रात्रीची वॉर्डातली धावपळ वेगळी सांगायला नको. ज्या तारेवर मुलं जगत होती, तिला मागे वीजच नव्हती.

लिलेहाय यांनी दुसऱ्या दिवशी गाठलं ते कोणा मोठ्या कंपनीला नव्हे. हॉस्पिटलची उपकरणं दुरुस्त करायला येणाऱ्या अर्ल बाकन या तरुणाला गाठलं. बाकन याच विद्यापीठाचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. १९४९ मध्ये त्याने मेव्हण्याबरोबर एका गॅरेजमध्ये मेडट्रॉनिक नावाचं दुरुस्तीचं दुकान थाटलं होतं. पहिल्या महिन्याची कमाई आठ डॉलर! बॅटरीवर चालणारं काहीतरी कर, एवढंच लिलेहाय यांनी सांगितलं. बाकनने आधी मोटारीच्या बॅटरीचा विचार केला. मग लक्षात आलं की एवढ्याशा कामासाठी एवढी मोठी बॅटरी म्हणजे मुंगीला उचलायला क्रेन. त्याला एका हॉबी मासिकाच्या १९५६ च्या अंकात आलेलं मेट्रोनोमचं सर्किट आठवलं. गायन-वादन शिकणाऱ्यांना लय धरून देणारं यंत्र, दोन ट्रान्झिस्टरचं. हृदयाला तरी दुसरं काय हवं असतं? स्पीकर काढला, तिथे तारा जोडल्या, ९.४ व्होल्टची मर्क्युरी बॅटरी लावली आणि सगळं तळहाताएवढ्या अॅल्युमिनियमच्या डब्यात बसवलं. चार आठवड्यांत यंत्र तयार!

डबा कुत्र्यावर तपासायला म्हणून प्रयोगशाळेत गेला. चाचणी चांगली झाली. दुसऱ्या दिवशी बाकन हॉस्पिटलमध्ये आला तर तोच डबा एका मुलाच्या छातीशी जोडलेला! हाताशी चालणारं यंत्र असताना एकही मूल गमवायचं नाही, असा लिलेहाय यांचा विचार. आज असं केलं तर तुरुंगात जावं लागेल, आणि ते योग्यच आहे. आजच्या चाचण्या आणि मंजुऱ्या उगाच आलेल्या नाहीत. पण त्या दिवशी त्या खोलीत दुसरा पर्याय काय होता, हाही प्रश्न स्वतःला विचारून बघावा.

पुढचा इतिहास वेगाने घडला. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोममध्ये ओके सेनिंग या सर्जनने इंजिनिअर रुने एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर पहिल्यांदा संपूर्णपणे शरीराच्या आत बसवला. १९६० मध्ये अमेरिकेत विल्सन ग्रेटबॅच या इंजिनिअरचा पेसमेकर आला. सत्तरच्या दशकात लिथियम बॅटरी आली आणि आयुष्य वर्षा-दोन वर्षांवरून कितीतरी वाढलं. लिलेहाय यांच्याकडे शिकायला जगभरातून सर्जन येत. १९६७ मध्ये माणसावर पहिलं हृदयरोपण करणारे ख्रिश्चन बर्नार्ड त्यांचेच विद्यार्थी. कळके या भारतीय सर्जनबरोबर त्यांनी दोन पाकळ्यांची कृत्रिम झडप तयार केली, पुढे जगभर गाजलेल्या झडपांची ती पूर्वज.

इतकं सगळं चांगलं सांगितलं, तर वाईटही सांगायला हवं. लिलेहाय यांना झगमगाट आवडे, आणि हिशोबाच्या कागदांची शिस्त त्यांना कधी जमली नाही. १९६७ मध्ये मिनेसोटाचं प्रमुखपद त्यांना मिळालं नाही, ते न्यूयॉर्कला गेले. तिथलंही पद १९७० मध्ये गेलं. १९७३ मध्ये प्राप्तिकर चुकवल्याबद्दल ते दोषी ठरले. तुरुंग टळला, पण ५० हजार डॉलर दंड आणि समाजसेवेची शिक्षा झाली. त्याच सुमारास, पूर्वीच्या रेडिएशनमुळे डोळ्यांत मोतीबिंदू वाढले आणि पन्नाशीतच त्यांचं ऑपरेशन करणं थांबलं. ज्या उपचाराने जीव वाचवला, त्यानेच वीस-बावीस वर्षांनी किंमत वसूल केली. १९७९ पासून ते सेंट ज्यूड मेडिकल या झडपा बनवणाऱ्या कंपनीत वैद्यकीय संचालक झाले आणि हळूहळू त्यांना मानाचं स्थान परत मिळालं. ५ जुलै १९९९ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचं निधन झालं. पाच वर्षं जगण्याची खात्री नसलेला माणूस त्यानंतर ४९ वर्षं जगला!

मावशीचं आणि त्यांचं इथे मला साम्य दिसतं. वाचलेली मुलं मोठी होतात आणि जुन्या दुरुस्तीचा हप्ता कधीतरी भरावा लागतो. सर्जन आता ती तार कुठून जाते ते ओळखून टाके बाजूने घेतात, त्यामुळे कायमच्या ब्लॉकचं प्रमाण शेकडा एक ते तीनच्या आसपास आलं आहे. ऑपरेशननंतर ब्लॉक सात-दहा दिवसांत सुटला नाही तर कायमचा पेसमेकर बसवतात. पण काहींना तो बऱ्याच वर्षांनी लागतो. गंमत म्हणजे त्याच सेनिंग यांनी १९५९ मध्ये हृदयाच्या उलट्या जोडलेल्या रक्तवाहिन्यांसाठी एक ऑपरेशन शोधलं होतं. वरच्या कप्प्यांत भरपूर टाके घालावे लागणारं. ते झालेल्या अनेकांना मोठेपणी पेसमेकर लागला, कारण टाक्यांमुळे क्लॉक जनरेटरच थकला.

मोठेपणी पेसमेकर बसवणं हेही अशा रुग्णांत सरळ नसतं. नेहमीचा रस्ता म्हणजे खांद्याजवळच्या शिरेतून तार हृदयात सोडायची. पण फॉन्टान ऑपरेशन झालेलं असेल तर शिरा थेट फुप्फुसांकडे वळवलेल्या असतात, तो रस्ताच बंद. मग छाती उघडून तार हृदयाच्या बाहेरून शिवावी लागते. आत कुठे बारीकसं छिद्र शिल्लक असेल तर तारेवर जमलेली गुठळी मेंदूकडे जाऊ शकते. म्हणून आधी सगळा नकाशा तपासतात. आणि चाळिशीतल्या माणसाला पुढे चाळीस वर्षं काढायची असतात. बॅटरी साधारण दहा वर्षांची, म्हणजे ती तीन-चार वेळा बदलणं आलंच. ताराही जुन्या होतात. २०१६ मध्ये अमेरिकेत बिनतारी पेसमेकरला मंजुरी मिळाली, मोठ्या कॅप्सूलएवढा, सरळ हृदयाच्या आत बसणारा. पण तो प्रत्येकाला चालतोच असं नाही.

म्हणूनच लहानपणीच्या ऑपरेशनचे कागद जपून ठेवणं फार महत्त्वाचं आहे. मावशीची फाइल दोनदा घर बदलताना गहाळ झाली होती. कोणतं छिद्र, कसं बुजवलं, हे सगळं नव्याने शोधण्यात चार दिवस गेले. तुमच्या घरात, मित्रांत कोणाचं लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा. फाइल शोधून ठेवा, वर्षातून एकदा दाखवून या, आणि चक्कर आली तर उपवासाची किंवा उन्हाची म्हणून सोडून देऊ नका.

मावशी आता ठणठणीत आहे. जिना चढते, वर माझ्या मार्कांची चौकशीही करते! मी मात्र लॅबमध्ये परत जाऊन ते प्रॅक्टिकल पुन्हा केलं. या वेळी कोणाचीही रीडिंग न उतरवता. १० के आणि ५६ के चे रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. एलईडी मिनिटाला ७१ वेळा लुकलुकला. सरांनी विचारलं, सही तर झालीये, मग पुन्हा कशाला? मी काहीच बोललो नाही. थोडा वेळ नुसता बघत उभा राहिलो.